सागरी कवच आणि जिंतूरचा बांध

(जिंतूर येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जिंतूर हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे. येथे पाणी म्हटले की पूर्णा नदी आठवते, येलदरीचे धरण आठवते. खारे वारे, भरती-ओहोटी, नांगर आणि शीड हे शब्द येथील बोलण्यात सहसा येत नाहीत. त्यामुळे नौदलाच्या संरक्षणाचा विषय मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर खताच्या गोणीत आहे.

मृगाचा पाऊस पडला की सोयाबीन आणि कापूस पेरणाऱ्या शेतकऱ्याला डीएपी हवे असते. देशाला लागणाऱ्या डीएपीचा मोठा हिस्सा परदेशातून जहाजाने येतो. जे खत देशात तयार होते, त्याचाही कच्चा माल बहुतांशी बाहेरूनच येतो. ट्रॅक्टरमध्ये पडणारे डिझेल ज्या खनिज तेलापासून बनते, त्यातील ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात केलेले असते. आकारमानाने पाहिले तर भारताचा सुमारे ९५ टक्के परदेश व्यापार समुद्रमार्गे चालतो. जिंतूरच्या शेताचा बांध अशा रीतीने थेट समुद्राला जाऊन भिडलेला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

१८ फेब्रुवारी २०२४ रोजी एडनच्या आखाताजवळ ‘रुबीमार’ नावाच्या मालवाहू जहाजावर येमेनच्या हुती बंडखोरांनी क्षेपणास्त्र डागले. दोन आठवडे पाणी घेत, कलंडत ते जहाज २ मार्च रोजी तळाशी गेले. त्याच्या पोटात २१ हजार टनांहून अधिक खत होते. पन्नास किलोच्या हिशेबाने ती चार लाखांहून अधिक गोणी होतात. ते खत भारतात येणारे नव्हते. परंतु ज्या मार्गावर ते बुडाले, त्याच मार्गाने भारताचा युरोपशी होणारा व्यापार चालत आलेला आहे.

दारात आलेले युद्ध

हुतींचे सागरी हल्ले सुरू झाले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. १९ नोव्हेंबर रोजी त्यांनी हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. ते तुर्कस्तानहून भारताकडे निघाले होते. त्यानंतर ड्रोन, क्रूझ क्षेपणास्त्रे आणि जहाजांवर मारा करणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे यांचा वर्षाव सुरू झाला. समुद्रावरील जहाजावर प्रत्यक्ष लढाईत बॅलिस्टिक क्षेपणास्त्र वापरले जाण्याचा जगाच्या इतिहासातील हा पहिला प्रसंग. असे अस्त्र फक्त महासत्तांच्या भात्यात असते, ही समजूत त्या दिवसांत मोडीत निघाली.

भारताला या संकटाची झळ २३ डिसेंबर २०२३ रोजी लागली. सौदी अरेबियाहून खनिज तेल घेऊन मंगळूरकडे येणाऱ्या ‘केम प्लूटो’ या जहाजावर पोरबंदरपासून सुमारे २१७ सागरी मैलांवर ड्रोन आदळला. जहाजावर २१ भारतीय खलाशी होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. आग विझवण्यात आली. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने सोबत केली आणि २५ डिसेंबरला ते जहाज मुंबईबाहेर नांगरले, तेव्हा नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी त्याचे निरीक्षण केले. योगायोग असा की त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या नौदल गोदीत ‘इंफाळ’ ही विनाशिका नौदलात दाखल होत होती. एकीकडे घाव झालेले जहाज आणि दुसरीकडे ढाल म्हणून उभी राहणारी युद्धनौका, हे दोन्ही मुंबईच्या बंदराने एकाच आठवड्यात पाहिले.

त्यानंतर ‘मोरमुगाव’, ‘कोची’, ‘कोलकाता’, ‘विशाखापट्टणम’ या विनाशिका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताच्या परिसरात पाळीपाळीने उभ्या राहिल्या. या चारही नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या. २६ जानेवारी २०२४ रोजी, देश प्रजासत्ताक दिन साजरा करीत असताना, ‘मार्लिन लुआंडा’ या नाफ्ता वाहून नेणाऱ्या जहाजावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आदळले आणि आगीचा डोंब उसळला. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. ‘विशाखापट्टणम’वरील दहा जणांचे अग्निशमन पथक त्या पेटत्या जहाजावर चढले आणि आग आटोक्यात आणली. ६ मार्च रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरील हल्ल्यात तीन खलाशी मृत्युमुखी पडले. उरलेल्या २१ जणांना समुद्रातून उचलून जिबूतीला पोचवले ते ‘कोलकाता’ने. त्यांत एक भारतीय होता. बाकीचे इतर देशांचे होते. भारतीय नौदलाने कोणाचे पारपत्र तपासून दोर फेकला नाही.

दोन अस्त्रे, दोन स्वभाव

या हल्ल्यांपासून युद्धनौकेचे रक्षण कसे होते, हे समजून घेण्यासाठी अस्त्रांचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हे गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखे असते. इंजिन त्याला प्रचंड वेगाने वर फेकते आणि मग ते कमानीच्या आकाराने लक्ष्यावर कोसळते. उंचावरून येत असल्यामुळे ते रडारला दुरून दिसू शकते. परंतु वेळ मिळत नाही. सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने येणारे अस्त्र शंभर किलोमीटरवर दिसले, तर हाती राहतात ६६ सेकंद. तेवढ्यात ओळख पटवायची, निर्णय घ्यायचा, प्रतिक्षेपणास्त्र सोडायचे आणि ते चुकले तर दुसरे सोडायचे.

ड्रोनचे याच्या नेमके उलट. तो संथ असतो, पण लाटांना चाटून येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्यापासून २५ मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला दहा मीटर उंचीवरून येणारी वस्तू सुमारे ३३ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसतच नाही. ताशी १८० किलोमीटर वेगाच्या ड्रोनला ते अंतर कापायला अकरा मिनिटे लागतात. वेळ मिळतो, परंतु आकार लहान, धातू कमी, आणि लाटांच्या व पक्ष्यांच्या गर्दीत त्याची खूण हरवते. याच उंचीवरून स्वनवेगाच्या जवळपास येणारे क्रूझ क्षेपणास्त्र तेच अंतर दोन मिनिटांच्या आत संपवते.

चतुर शत्रू ही अस्त्रे एकत्र सोडतो. नौकेचे लक्ष आणि दारूगोळा संथ ड्रोनवर खर्च होत असतानाच आकाशातून दुसरा घाव पडतो. राखणदाराला मोरीतल्या उंदरामागे गुंतवून माडीवरून घरात शिरणाऱ्या चोरासारखी ही युक्ती आहे.

भारताभोवतीचे वास्तव असे की ही विद्या आता शेजारी आहे. चीनकडे जहाजांवर मारा करणारे डीएफ-२१डी हे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आहे; त्याचा पल्ला सुमारे दीड हजार किलोमीटर सांगितला जातो. पाकिस्तानच्या नौदलाने ४ नोव्हेंबर २०२४ रोजी युद्धनौकेवरून डागल्या जाणाऱ्या, ३५० किलोमीटर पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतल्याचे जाहीर केले. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे भारत सरकारने सांगितले. तो हल्ला भूमीवर होता. उद्या तोच झुंडीचा प्रयोग समुद्रावर होणार नाही, असे मानणे आत्मवंचना ठरेल.

ढालीचे थर

एकाच ढालीवर विसंबून राहणारी नौका टिकत नाही. तिला थरांचे कवच लागते.

पहिला थर आहे माहितीचा. ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावणारी युद्धनौका पाच मिनिटांत साडेचार किलोमीटर पुढे सरकलेली असते. म्हणजेच बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला तिचा ठावठिकाणा सतत कळत राहावा लागतो. उपग्रह, टेहळणी विमान, किंवा मासेमारीच्या मिषाने फिरणारी बोट, कोणीतरी डोळा लावून बसलेले असावे लागते. तो डोळा शोधून फोडणे हे निम्मे संरक्षण. पी-८आय टेहळणी विमाने, कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांवरील रडार आणि २०१८ पासून गुरुग्राममध्ये चालणारे हिंदी महासागराचे माहिती संकलन केंद्र यांचे मोल येथे आहे. हेलिकॉप्टर उंच गेले की क्षितिज लांब जाते आणि अकरा मिनिटांचा अवधी कितीतरी वाढतो.

दुसरा थर फसवणुकीचा. अग्निबाणातून हवेत सूक्ष्म धातुतंतूंचा ढग सोडला, की शत्रूच्या क्षेपणास्त्राचे रडार त्या ढगालाच जहाज समजते. यालाच ‘चाफ’ म्हणतात. डीआरडीओच्या जोधपूर प्रयोगशाळेने लघु, मध्यम आणि दीर्घ अशा तीन पल्ल्यांचे चाफ-बाण विकसित केल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. ड्रोनचे संदेशवहन तोडणे, त्याला दिशाभ्रम करणे, हेही याच थरातले काम. ड्रोनविरोधी यंत्रणेसाठी नौदलाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी करार केला.

तिसरा थर प्रत्यक्ष प्रहाराचा. ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम’ या वर्गांतील प्रत्येक विनाशिकेवर ३२ बराक-८ क्षेपणास्त्रे उभ्या नळ्यांत सज्ज असतात. भारत आणि इस्रायल यांनी मिळून घडवलेल्या या अस्त्राचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर. २४ एप्रिल २०२५ रोजी ‘सूरत’ने अरबी समुद्रात लाटांलगत उडणारे लक्ष्य याच प्रकारच्या क्षेपणास्त्राने टिपले. त्याच्या आत ७६ मिलिमीटरची तोफ आणि अगदी जवळ आलेल्या अस्त्रावर गोळ्यांची भिंत उभी करणारी एके-६३० तोफ. मात्र बराक-८ हे प्रामुख्याने विमाने, क्रूझ क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांच्यासाठी आहे. लांब पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला रोखण्यासाठी वेगळे अस्त्र लागते. अमेरिकी विनाशिकांनी १३-१४ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वातावरणाबाहेर उडवली, ती एसएम-३ या खास प्रतिक्षेपणास्त्राने. भारताने या दिशेने २१ एप्रिल २०२३ रोजी पाऊल टाकले. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ बंगालच्या उपसागरात डीआरडीओ आणि नौदल यांनी समुद्रावरून सुटणाऱ्या प्रतिक्षेपणास्त्राची पहिली चाचणी यशस्वी केली. चाचणीपासून प्रत्येक मोठ्या नौकेवरील नित्याच्या सज्जतेपर्यंतचा रस्ता लांब असतो, हे मात्र विसरता कामा नये.

चौथा थर माणसांचा आहे. सारे थर भेदून घाव पडलाच, तर आग विझवणारे, पाणी उपसणारे, दरवाजे बंद करून पूर आवरणारे हात जहाज वाचवतात. ‘मार्लिन लुआंडा’वर चढलेले दहा जण हा त्या थराचा पुरावा. त्याची चाचणी कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही. ती रोजच्या कवायतीत होते.

खर्चाचे गणित

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न. हुती वापरीत त्या जातीच्या ड्रोनची किंमत काही हजार डॉलरपासून फार तर काही दहा हजार डॉलरपर्यंत सांगितली जाते. त्याला पाडण्यासाठी अमेरिकी नौकांनी जी क्षेपणास्त्रे वापरली, त्यांतील काहींची किंमत वीस लाख डॉलरच्या घरात होती. ढेकूण मारायला तोफ लावण्यासारखा हा व्यवहार आहे. शिवाय बत्तीस नळ्या रिकाम्या झाल्या की भर समुद्रात त्या पुन्हा भरता येत नाहीत. नौकेला बंदर गाठावे लागते. ज्याचा भाता आधी रिकामा होतो, तो हरतो.

म्हणून स्वस्त धोक्याला स्वस्त उत्तर शोधणे, ही आजच्या नौदलांची खरी कसोटी आहे. मार्च २०२४ मध्ये फ्रेंच नौदलाच्या एका हेलिकॉप्टरने तांबड्या समुद्रावर ड्रोन पाडला तो साध्या गोळ्यांनी. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूल येथे तीस किलोवॉट शक्तीच्या लेझर अस्त्राने ड्रोन निकामी करून दाखवले. लेझरच्या एका प्रहाराला लागते ती वीज. परंतु धुके, पाऊस आणि खारे तुषार यांतून तो किरण क्षीण होतो. तेव्हा महाग क्षेपणास्त्र बॅलिस्टिक धोक्यासाठी राखून ठेवायचे आणि ड्रोनसाठी तोफ, लेझर व संदेशरोध वापरायचा, हा विवेक शस्त्रापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

इतिहासाची साक्ष

महाराष्ट्राला हे गणित अपरिचित नाही. किंबहुना एके काळी ते महाराष्ट्रानेच इतरांना शिकवले. छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभारले आणि १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, तेव्हा युरोपीय सत्तांच्या उंच जहाजांशी तोफेला तोफ लावून झुंजणे शक्य नव्हते. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते आकाराने लहान, उथळ पाण्यात चालणारी. वारा पडला की अवजड जहाज जागीच खिळून राही आणि वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या तोफा कमी पोचत. कान्होजी आंग्रे यांनी १७२९ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, याच युक्तीने कोकणपट्टी राखली. स्वस्त आणि चपळ साधनाने महाग आणि अवजड साधनाला जेरीस आणणे, हेच ते सूत्र.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाने तेच सूत्र कराचीसमोर वापरले. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. आज ते सूत्र दुसऱ्यांच्या हाती आहे आणि अवजड, मोलाची जहाजे भारताकडेही आहेत. पूर्वजांचा पराक्रम आठवताना बाजू बदलली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जो कालपर्यंत गलबतात होता, तो आज मोठ्या जहाजावर उभा आहे.

इतिहासाचे दुसरे पान याहून कठोर आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्रे यांची जहाजे बंदरात एकमेकांना खेटून नांगरलेली होती. इंग्रजांच्या माऱ्याने एका जहाजाला आग लागली आणि ती एकातून दुसऱ्यात पसरत गेली. पिढ्यान्‌पिढ्या उभारलेले आरमार पाहता पाहता जळाले. त्याहून वेदनादायक हे की त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. घरातल्या वितुष्टाने परक्याला वाट दिली आणि पश्चिम किनाऱ्यावरील मराठ्यांचे सागरी सामर्थ्य पुन्हा तसे उभे राहिले नाही. ड्रोनच्या युगातही यातील दोन्ही धडे जसेच्या तसे लागू आहेत. जहाजे बंदरात गर्दीने उभी ठेवू नयेत आणि घरातील भांडण समुद्रावर नेऊ नये.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. त्याच ग्रंथात असेही बजावले आहे की जहाजांच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसांना तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये. आरमार बलाढ्य हवे, परंतु ते रयतेच्या उरावर उभे राहू नये, हा त्यामागचा विचार. आजच्या भाषेत सांगायचे तर संरक्षणावरील प्रत्येक रुपया जिंतूरच्या शेतकऱ्याचाही आहे. म्हणून तो योग्य ढालीवर खर्च होतो की नाही, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

आतल्या गावांचे कर्तव्य

मग समुद्रापासून दूर असलेल्या समाजाने काय करावे? पहिली गोष्ट ज्ञानाची. रडार, लेझर, संदेशवहन, धातुशास्त्र आणि संगणकप्रणाली ही या लढाईची शस्त्रे आहेत आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेत सुरू होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ योजनेने लहान उद्योगांना आणि नवोद्योजकांना संरक्षणसामग्रीच्या निर्मितीत वाट मोकळी करून दिली. शेतावर फवारणी करणारा ड्रोन दुरुस्त करणारा तालुक्यातील तरुण आणि शत्रूचा ड्रोन पाडणारी यंत्रणा घडवणारा अभियंता यांच्यात शिक्षणाच्या काही पायऱ्यांचेच अंतर असते. त्या पायऱ्या बांधणे हे शाळा, महाविद्यालये आणि पालक यांचे काम आहे.

दुसरी गोष्ट संयमाची. मे २०२५ मध्ये सैन्याच्या हालचालींचे थेट चित्रण दाखवू नये, अशी सूचना सरकारला प्रसारमाध्यमांना आणि नागरिकांना द्यावी लागली. क्षेपणास्त्राला लक्ष्याचा ठावठिकाणा लागतो, हे वर सांगितले आहे. उत्साहाच्या भरात भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवलेले छायाचित्र शत्रूचा तो डोळा बनू शकते. युद्धकाळात अफवा न पसरवणे आणि न दाखवायचे ते न दाखवणे, ही घरबसल्या करता येणारी देशसेवा आहे.

तिसरी गोष्ट दीर्घ स्मरणाची. युद्धनौका बांधायला वर्षे लागतात, खलाशी घडवायला त्याहून अधिक. संकट आले की नौदलाची आठवण काढायची आणि ते सरले की अंदाजपत्रकातील आकड्यांकडे पाठ फिरवायची, या सवयीने कोणतेही आरमार उभे राहत नाही.

यंदाच्या पेरणीत खताची गोणी फोडताना जिंतूरच्या शेतकऱ्याने एवढे जरूर मनात आणावे की ही गोणी बंदरापर्यंत सुखरूप पोचावी म्हणून कोणी तरी रात्रभर रडारच्या पडद्यावर डोळे लावून बसले होते. त्या डोळ्यांमागे उभा राहणारा जाणता समाज हाच सागरी कवचाचा अखेरचा आणि सर्वांत भक्कम थर होय.